तिसऱ्या रविवारची पुकार

पुकार झाली नाही, आणि चर्चपासून घरापर्यंत गाडीत कुणी एक शब्द बोललं नाही.

भिंगारदिव्यांच्या घरात हे आक्रीतच होतं. एरवी उपासना संपून गाडीत बसल्याबरोबर हेमाबाई पाळकांच्या उपदेशाची चिरफाड सुरू करत, रमाकांत त्यांना गप्प करू पाहत, आणि लखनौतला कपूरथल्याचा बाजार येईपर्यंत दोघांचं भांडण चांगलं रंगात येई. आज मागच्या सीटवर दोघं दोन खिडक्यांतून दोन दिशांना बघत बसले होते आणि मधे नात स्वरदा मोबाइलमध्ये डोकं घालून होती. सुबोध गाडी चालवत होता. त्याच्या शेजारी त्याची बायको विनया पर्स मांडीवर धरून बसली होती, आणि सिग्नलला थांबल्यावर त्याने तिच्याकडे पाहिलं तेव्हा तिने मान फिरवली.

लग्नाआधीचे तीन रविवार वधूवरांची नावं भर उपासनेत वाचायची आणि कुणाची हरकत असेल तर आताच सांगा असं विचारायचं, ही पुकारीची रीत. नगर जिल्ह्यात तीच, लखनौतही तीच. मंजिरी आणि निरंजन यांची पहिली पुकार झाली, दुसरी झाली, आज तिसरी व्हायची होती. पाळकांनी आजाऱ्यांची नावं वाचली, संडे स्कूलच्या सहलीची तारीख सांगितली आणि थेट गीताकडे वळले. मंजिरीचे वडील, सैन्यातले सुभेदार गजेंद्र पारधे, शेवटच्या बाकावर एकटेच बसले होते. गीताला सगळी मंडळी उभी राहिली, पण सुभेदार उठले नाहीत.

घरी आल्यावर हेमाबाई साडीही न बदलता स्वयंपाकघरात शिरल्या. मटण सकाळीच वाटण लावून ठेवलं होतं. ते कुकरमध्ये टाकेपर्यंत त्यांनी स्वतःशी चार वेळा म्हणून घेतलं की मी नाव घेतलेलं नाही.

आणि ते खरंच होतं. घरात रात्रीच्या जेवणाआधी टेबलाभोवती बसून प्रत्येकाने आळीपाळीने मोठ्याने प्रार्थना करायची, मनावर जे ओझं असेल ते देवापुढे बोलून टाकायचं, हा शिरस्ता त्यांनी बावन्न वर्षं मोडू दिला नव्हता. तीन आठवड्यांमागे एका बुधवारी विनयाची पाळी आली. बिचारी दिवसभर कानाला हेडफोन लावून बसलेली, डोळे लाल. तिने एका मुलीसाठी प्रार्थना केली. डिसेंबरात जिला वेदीपुढे उभं राहायचंय आणि जिचं मन तिथे नाही, तिला बोलायचं बळ दे. आणि तिचं ऐकून घेणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीला शहाणपण दे. एवढंच. हेमाबाईंनी आमेन सगळ्यांत मोठ्याने म्हटलं होतं. मग रविवारी पुकार झाली ती एकट्या मंजिरीची. आता माणसाने कान बंद करून तर चर्चमध्ये बसायचं नाही ना.

या गुरुवारच्या महिला प्रार्थना-सभेत त्यांनी विनंती मांडली. आपल्या मंडळीतली एक मुलगी आहे, लग्न ठरलंय, मन लागत नाही, नाव घेत नाही, पण तिच्यासाठी प्रार्थना करा. अकरा बायकांनी डोळे मिटले. त्यातली एक निरंजनची मावशी होती, हे हेमाबाईंच्या ध्यानात आलं ते डोळे उघडल्यावर. तरीही आपण काही वावगं केलं असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुकरची शिट्टी होईपर्यंत अजूनही वाटत नव्हतं.

सुबोधची बहीण संपदा दीड वाजता गोमती नगरहून आली आणि घराची शांतता संपली. संपदा एका शाळेची उपमुख्याध्यापिका. कुठल्याही खोलीत ती शिरली की समोरच्यांनी काय चूक केली हे आधी विचारते. आजही तिने चपला काढता काढताच विचारलं. तिला शाळेतल्या एका शिक्षिकेकडून अर्धी गोष्ट कळली होती, उरलेली अर्धी तिने सुबोधकडून काढून घेतली.

सुबोधला सांगावंच लागलं. मावशीने निरंजनच्या आईला सांगितलं. शुक्रवारी मुलाकडचे लोक मंजिरीच्या घरी धडकले. शनिवारी सुभेदार विनयाच्या कॉलेजात गेले, कारण पोरगी तिथल्या समुपदेशन केंद्रात दर मंगळवारी जाते हे त्यांना शुक्रवारीच पहिल्यांदा कळलं होतं. पोरीने आपलं मन उघड केलं होतं ते फक्त तिथे. मग ते बाहेर आलं कसं, एवढंच सुभेदारांनी प्राचार्यांना विचारलं. आवाज चढवला नाही. प्राचार्यांनी हिमानीला बोलावलं. हिमानी म्हणजे विनयाच्या हाताखाली शिकणारी, पिथौरागढची मुलगी. मंजिरी तिच्याशीच बोलायची. हिमानीही याच चर्चला येते, तेव्हा प्राचार्यांना फार डोकं चालवावं लागलं नाही. रविवार असूनही आज संध्याकाळी पाच वाजता ते तिचा निकाल लावणार होते. अभ्यासक्रमातून नाव कमी होणार, हे जवळजवळ ठरल्यात जमा होतं.

“आणि हे आपल्या घरातून गेलं, ते वहिनीने त्या हिमानीला सांगितलं नाही?” संपदाने विचारलं.

सुबोध ताटं मांडायला गेला.

त्याला या सगळ्याचा वीट आला होता, आणि तो आजचा नव्हता. सहा वर्षं हा माणूस बायकोची पीएच.डी. सोसत होता. ती कशात आहे हे नातेवाइकांना समजावता समजावता त्याची दमछाक व्हायची. समुपदेशन करणाऱ्यांना शिकवायचं, त्यांच्या कामावर देखरेख करायची, आणि ते ख्रिस्ती श्रद्धेच्या अंगाने कसं करायचं, त्यातली डॉक्टरेट. नगरचे काका म्हणायचे, म्हणजे ही माणसांचं ऐकते का? नाही काका, ऐकणाऱ्याचं ऐकते. मग हिचं कोण ऐकतं? तर त्यालाही एक बाई होत्या, बंगळुरूच्या लतिकामॅडम. विनया हिमानीच्या समुपदेशनाची रेकॉर्डिंग ऐकायची, मग विनया हिमानीला काय बोलली त्याची रेकॉर्डिंग लतिकामॅडम ऐकायच्या. काका म्हणाले होते, देव तरी याहून लवकर ऐकतो रे. तेव्हा सगळे हसले होते, विनयासुद्धा. आता अठरा दिवसांवर तिची शेवटची तोंडी परीक्षा होती आणि सुबोधला एवढंच हवं होतं की हे अठरा दिवस सुखाने जावेत. त्यात काही पाप नव्हतं.

जेवण सुरू झालं. रमाकांतांनी नेहमीची आशीर्वादाची प्रार्थना अर्ध्यात उरकली. मटण झकास झालं होतं आणि ते कुणीही म्हटलं नाही, याचा हेमाबाईंना वेगळा राग आला.

तोंड फोडलं सुबोधनेच. तो विनयाला म्हणाला की परीक्षा होऊन जाऊ दे, मग जा आणि सांग. हिमानीचं नाव कमी झालं तरी पुढच्या वर्षी पुन्हा घालता येईल, आपण मदत करू. तुझी सहा वर्षं मात्र परत येणार नाहीत. आता गोपनीयता मोडली म्हणून तू स्वतः लिहून दिलंस तर विद्यापीठ परीक्षा थांबवेल, चौकशी बसवेल, आणि पदवी कुणाची, तर देखरेख कशी करावी हे शिकवणारीची. ते देतील का तुला ती? विनया म्हणाली, बहुतेक नाही देणार. मग झालं तर, सुबोध म्हणाला.

रमाकांतांचं मत त्याच्याही पुढचं होतं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही ते संशोधन संस्थेतल्या बैठकीत बसल्यासारखे मुद्दे मांडत. घरातली प्रार्थना घरातली आहे, ती कॉलेजच्या कागदावर येता कामा नये. उद्या कुणी भिंगारदिव्यांच्या टेबलाशी तोंड उघडणार नाही. शिवाय चर्चच्या कारभारी मंडळावर ते पंच होते. नाताळाच्या सभेत ‘डॉक्टर विनया भिंगारदिवे’ असं नाव पुकारलं जावं म्हणून त्यांनी पाळकांशी बोलणंही करून ठेवलं होतं, पण ते या वेळी सांगायचं नाही एवढं त्यांना कळत होतं.

“आणि आईचं काय?” संपदा म्हणाली. “सगळे वहिनीच्या मागे लागलाय. बाहेर कुणी नेलं? वहिनी, तू सरळ लिही ना, सासूने सांगितलं म्हणून. स्वतःवर कशाला घेतेस?”

हेमाबाईंनी हातातली भाकरी ताटात ठेवली. पोटची पोरगी हे बोलत होती. संपदाच्या घटस्फोटाच्या वेळी हेमाबाईंनी याच गुरुवारच्या सभेत तिच्यासाठीही प्रार्थना मागितली होती, तेव्हाही नाव न घेता, आणि आठ दिवसांत सगळ्या मंडळीला कळलं होतं. ती गोष्ट मायलेकींत पुन्हा कधी निघाली नव्हती. संपदाने आज ती काढली नाही, पण ज्या चवीने ती बोलत होती त्यावरून ती विसरलेली नाही हे टेबलाशी प्रत्येकाला समजलं.

“मी चहाडी केली नाही,” हेमाबाई म्हणाल्या. “प्रार्थना मागितली. आणि मला सांगा, वाईट काय झालं? त्या पोरीला ते लग्न करायचं नव्हतं. आता होणार नाही. सुटली ना ती?”

“दादी, प्लीज,” स्वरदा म्हणाली. “आप ही के पास गॉड की पूरी एजेंसी है क्या?”

तिला कुणी रागावलं नाही. एकोणीस वर्षांची ही मुलगी मराठी सगळं समजायची आणि हिंदीतच उलटून बोलायची. एरवी त्यावरूनच अर्धा तास वाद झाला असता.

विनया इतका वेळ भात कालवत होती. तिने घास घेतलाच नव्हता. तिला सासूचा राग येत होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा. हाताखालच्या मुलींना पहिल्याच दिवशी ती शिकवायची की नाव गाळलं म्हणजे माणूस झाकला जात नाही. गाव, वय, लग्नाचा महिना, यातलं एक जरी राहिलं तरी ओळख पटते. ख्रिस्ती समुपदेशकाला तर जास्तच जपावं लागतं, कारण आपल्या लोकांत सगळं प्रार्थनेच्या नावाने विचारलं जातं आणि प्रार्थनेच्या नावाने सांगितलं जातं. यावर तिने चाळीस पानांचा निबंध लिहिला होता. प्रार्थना समुपदेशनाच्या खोलीत कधी आणावी आणि कधी दाराबाहेर ठेवावी. लतिकामॅडमनी तो पुढच्या तुकडीला वाचायला लावला होता. आणि मग एका बुधवारी थकून भागून ती जेवणाच्या टेबलाशी बसली, डोळे मिटले, आणि जे तोंडाला आलं ते बोलून गेली. तेव्हा तिला काहीच चुकल्यासारखं वाटलं नव्हतं. हलकं वाटलं होतं. तेच तिला आता सहन होत नव्हतं.

“आई, ती सुटलेली नाही,” ती म्हणाली. “ती स्वतः बोलणार होती. हिमानीने तिला सात आठवड्यांत तिथवर आणलं होतं. तिसऱ्या पुकारीच्या आधी वडिलांना सांगायचं, आईच्या समोर, स्वतःच्या तोंडाने. काय शब्द वापरायचे तेसुद्धा तिने ठरवलं होतं. मी ऐकलंय ते. आणि ते बोलायच्या आधी दुसऱ्याच लोकांनी तिच्या दारात येऊन ते तिला विचारलं. आता ती कायम चोरी पकडली गेलेली मुलगी. लग्न मोडलं काय नि झालं काय.”

विनयाने पुढे सांगितलं की शुक्रवारी मुलाकडच्या लोकांसमोर मंजिरीने सगळं नाकारलं. म्हणाली, मी असं काही बोललेच नाही, मला लग्न करायचंय. घाबरून म्हणाली. हे हिमानीने शनिवारी रडत रडत सांगितलं. आता मुलाकडचेच विचार करून सांगतो म्हणताहेत. चौक बाजारात तिची लग्नाची पांढरी साडी चिकनच्या भरतकामाला टाकलेली आहे, तिचं काय करायचं हे पारध्यांच्या घरात कुणाला विचारता येत नाहीये.

हेमाबाईंना हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या मनात आतापर्यंत एकच चित्र होतं, की देवाने ऐकलं आणि पोरगी मोकळी झाली. नगरला त्यांच्या स्वतःच्या तीन पुकारी झाल्या तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. तिसऱ्या रविवारी, हरकत असेल तर सांगा असं पाळक म्हणाले तेव्हा त्या खाली मान घालून वाट बघत राहिल्या होत्या की कुणीतरी उठावं. कुणीही उठावं, काहीही खोटं बोलावं. बाकं करकरली नाहीत. मग संसार झाला, बरा झाला, मुलं झाली, रमाकांतांनी कधी हात उगारला नाही. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं आणि बावन्न वर्षांनी मटणाच्या ताटावर सांगायचं काहीच कारण नव्हतं.

“माझ्यासाठी कुणी केली असती तर,” त्या म्हणाल्या, “मला बरं वाटलं असतं.”

रमाकांतांनी वर पाहिलं. “काय केली असती?”

“प्रार्थना. माझ्या पुकारीच्या वेळी.”

त्यांना समजायला वेळ लागला. बायको लग्नाबद्दल बोलते आहे, आणि ते लग्न आपलं आहे, हे त्यांना एकामागून एक कळलं. त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. मुलं ताटात बघू लागली. चहाडी आणि प्रार्थना यांतला फरक सांगायला त्यांनी चार मुद्दे तयार केले होते, ते सगळे डोक्यातून निघून गेले. ही बाई आपल्याशी कधी खोटं बोलली नाही, असं ते लोकांना अभिमानाने सांगत. आजही तिने खोटं सांगितलं नव्हतं.

“तेव्हा बोलायचं होतंस,” ते शेवटी म्हणाले.

“कुणाशी?” हेमाबाईंनी विचारलं. त्यात राग नव्हता, खरंच विचारत होत्या.

विनया उठली आणि बाल्कनीत गेली, फोन घेऊन.

प्राचार्यांच्या आधी हिमानीला सांगायचं, एवढं तिने सकाळी चर्चमध्ये मागे वळून सुभेदारांकडे बघत ठरवलं होतं. मग घरी येईपर्यंत ते ढिलं पडलं होतं. सुबोधचं म्हणणं तिला मूर्खपणाचं वाटलं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. अठरा दिवस थांबणं अगदी सोपं होतं. हिमानी चोवीस वर्षांची, पुन्हा प्रवेश घेईल. आपण सत्तेचाळीसच्या. हे हिशेब शनिवारी रात्रभर तिच्या डोक्यात चालू होते आणि प्रत्येक वेळी उत्तर तिच्याच बाजूने येत होतं, म्हणून तिचा त्यावर विश्वास नव्हता.

हिमानीने पहिल्याच रिंगला फोन उचलला. विनयाने आडवळण घेतलं नाही. म्हणाली, मंजिरीची गोष्ट तुझ्याकडून नाही गेली, माझ्याकडून गेली. माझ्या घरातून. मी जेवणाआधीच्या प्रार्थनेत बोलले, आणि तिथून बाहेर पडली. तुझा काही दोष नाही.

“मॅडम,” हिमानी म्हणाली, “मैंने तो सुबह लिखकर दे दिया।”

“काय? क्या लिखकर दे दिया?”

“कि गलती मेरी है। कल से सोच रही थी, किससे कहा होगा। हॉस्टल में, मेस में, किसी से तो कहा होगा। मुझे याद ही नहीं आ रहा था। फिर लगा, आपसे तो हो नहीं सकता। तो मैं ही बची ना।”

विनयाने कठड्याला धरलं. सात आठवडे ती या मुलीला शिकवत होती की समोरच्याचं ऐकताना स्वतःच्या आतही ऐकत जा, शंका आली तर स्वतःला तपास. आणि मुलीने तपासलं होतं. गुन्हा सापडला नाही, तर स्वतःच तयार करून त्यावर सही केली होती, कारण तिच्या मॅडमकडून तो होऊच शकत नव्हता. विनया म्हणाली, तू कुठे आहेस? हॉस्टेलवर. तिथेच थांब, मी येते. आपण दोघी मिळून प्राचार्यांकडे जाऊ आणि तो कागद परत घेऊ. त्याच्या जागी माझा देऊ.

“लेकिन मॅडम, आपका वाइवा?”

“परीक्षेचं माझं मी बघेन,” विनया म्हणाली. आधी मराठीत म्हणाली, मग तिच्या लक्षात आलं आणि हिंदीत पुन्हा म्हणाली.

ती आत आली आणि जे झालं ते उभ्या उभ्याच सांगितलं. सुबोधने तिच्याकडे पाहिलं आणि तो गाडीची किल्ली आणायला गेला. अठरा दिवसांचा विषय त्याने पुन्हा काढला नाही, पुढेही कधी काढला नाही. त्याबद्दल त्याला श्रेय द्यायचं तर द्यावं. त्याचा चेहरा मात्र त्या वेळी चांगलाच पडला होता.

संपदा अजून हट्टाला पेटलेली. “म्हणजे आई नामानिराळी? तुझी डिग्री जाणार आणि हिला कुणी विचारणारही नाही?”

विनया म्हणाली की कागदावर आईंचं नाव येणार नाही. माझ्या घरात, माझ्या तोंडून गेलं, एवढंच खरं आहे आणि तेवढंच लिहायचं. आईंनी कुणाला वचन दिलं नव्हतं. वचन मी दिलं होतं.

“तुम्ही लिहा माझं नाव,” हेमाबाई मधेच म्हणाल्या. आजवर सुनेला त्यांनी कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. “आणि मी पारध्यांकडे जाते. आत्ताच जाते. त्या पोरीच्या आईपुढे हात जोडते. चुकलं म्हणते.”

त्या खरंच उठल्या. खांद्यावरचा पदर नीट केला. आयुष्यात त्यांना हे एक येत होतं. कुणाचं काही चुकलं, बिनसलं, कुणी गेलं, की त्या दारात जाऊन उभ्या राहत, हात धरत, रडत, प्रार्थना करत, आणि निम्म्या वेळा समोरचं माणूस त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवत असे. नगरला केलं, लखनौतही चाळीस वर्षं केलं.

“नाही आई,” विनया म्हणाली. “तुम्ही तिकडे जायचं नाही.”

“माफीसुद्धा मागायची नाही?”

“तुम्ही गेलात की तिने म्हटलं होतं हे सिद्ध होतं. तिने नाही म्हटलंय ना लोकांपुढे? मग तुम्ही माफी कशाची मागणार? तिला हवं असेल तेव्हा ती बोलेल. तोवर आपल्याला काही माहीत नाही. तुम्ही तिला रस्त्यात भेटलात तरी माहीत नाही.”

हेमाबाई उभ्याच राहिल्या. संपदाकडे पाहिलं, तर संपदा पहिल्यांदाच आईच्या नजरेला नजर देत नव्हती. ती उठली आणि तिने आईला धरून खुर्चीत बसवलं. इतक्या वर्षांचा राग होता, तो काही गेला नव्हता. पण म्हातारी अशी भर टेबलाशी निराधार झालेली तिला बघवेना. रमाकांतांनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

सुबोध खाली गाडी काढत होता. विनयाने चप्पल घातली, पर्समध्ये कोरे कागद टाकले. पुढे काय होणार हे तिला पुरतं माहीत नव्हतं. लतिकामॅडमना आज रात्री फोन करावा लागणार होता, आणि तो सगळ्यांत अवघड असणार होता.

“जायच्या आधी प्रार्थना करू या का?” हेमाबाईंनी विचारलं. घरातून कुणी मोठ्या कामाला निघालं की त्या दारात उभं राहून हे विचारतच असत. आज मात्र त्यांनी ते भीत भीत विचारलं.

विनया थांबली. तिला आधी चीड आली, मग ती ओसरली.

“करा,” ती म्हणाली. “पण आई, मनातल्या मनात.”

सगळ्यांनी डोळे मिटले. स्वरदानेही मोबाइल उलटा ठेवला. हेमाबाईंनी हात जोडले, ओठ उघडले आणि पुन्हा मिटून घेतले. बावन्न वर्षं त्या टेबलाशी त्यांनी देवाशी कधी आवाजाविना बोलणं केलं नव्हतं. पंखा फिरत होता, खाली गाडी सुरू झाल्याचं ऐकू येत होतं. आमेन कधी म्हणायचं हे कुणालाच कळेना, म्हणून शेवटी विनयाच हळूच दार उघडून निघून गेली. हेमाबाई तशाच डोळे मिटून बसून होत्या. मनातल्या मनात त्यांना काहीच सुचत नव्हतं.